अंग थोरलीचं, नक्षी धाकटीची

७ ऑगस्ट

धाकटे,

दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि समेट घडवायला तर मी मुळीच लिहीत नाहीये. भांडण आपल्या नवऱ्यांचं आहे. ते दोघे सख्खे भाऊ त्याचं काय लोणचं घालायचं ते घालोत. माझं तुझ्याकडे काम आहे आणि कामापुरतंच लिहिते.

फोन का केला नाही असं मनात येईल. फोनवर तू 'हं' म्हणतेस. मी चार वाक्यं बोलायची आणि पलीकडून एक 'हं' यायचा. मागच्या खेपेला तसं झालं, आणि मी फोन ठेवून संध्याकाळभर भांडी आदळली. पत्रात तुला 'हं' म्हणायची सोय नाही.

तर काम असं. तुझ्या पुतणीला नोकरी लागली. लांब, जिथे अर्धं वर्ष बर्फ असतो तिथल्या इस्पितळात. लोकांचे आखडलेले गुडघे नि खांदे हलते करायचे, जे शिकली तेच. ऑक्टोबर संपता संपता निघेल. तीन वर्षांचा करार आहे, मधे सुट्टी मिळेल की नाही ते तिलाही ठाऊक नाही. मी म्हटलं, तुला चांगला जाडजूड स्वेटर करून देते. तर म्हणते कशी, "जाड नको गं आई. तिथे आत सगळीकडे हीटर असतात, घाम फुटतो. हलका कर, बारीक लोकरीचा, कोटाच्या आत जाईल असा. आणि गोल काकूच्या हातचा हवा."

जन्मदात्या आईसमोर उभी राहून हे बोलली. काय म्हणणार, खरंच आहे ते.

गळ्यापासून खांद्यांवर उतरणाऱ्या त्या रंगीत नक्षीला आपण दोघी आपल्या 'गोल' म्हणायचो. लोकरीच्या दुकानातली बाई त्याला अजून 'योक' म्हणते, आणि मी अजून न कळल्यासारखं करते. आपण किती वर्षं वाटून विणत आलो. अंग आणि बाह्या माझ्या, कारण माझा हात एकसारखा पडतो आणि नक्षीचा मला कंटाळा. काखेपर्यंत आणून मी तुझ्याकडे सोपवायची. तिथून सगळे टाके एका सुईवर घेऊन गळ्यापर्यंत तू. घरातल्या एकूण एक माणसाचा स्वेटर तसाच झाला. त्यामुळे झालंय काय, की मला अर्धा स्वेटर येतो आणि तुला अर्धा.

म्हणून म्हणते, पानं आणि ठिपके असलेली ती तुझी नक्षी चौकटीच्या कागदावर काढून पाठव. कुठल्या ओळीला टाके कमी करतेस तेही लिही. बाकी एक अक्षर लिहिलं नाहीस तरी चालेल.

ह्यांना सांगितलेलं नाही. तूही भावजींना सांगू नकोस.

तुझी थोरली


२८ ऑगस्ट

धाकटे,

पत्र पोचलं असणार. आमचा पोस्टमन वेंधळा आहे, पण तुमचाही तसाच असेल असं धरून चालता येत नाही. असो.

अंग झालं. बाह्याही झाल्या. राखाडी रंग घेतला, आणि लोकर इतकी बारीक की मांडीवर पडलेलं विणकाम आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं. माझे डोळे दुखले, पण वीण बघशील तर नाव ठेवायला जागा नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण इथे सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

तू नक्षी पाठवली नाहीस म्हणून माझं अडलं असं समजू नकोस. पोरीचा शाळेतला जुना स्वेटर काढला, त्यावरून चौकटी उतरवल्या आणि निळा-पांढरा धागा घेऊन बसले. म्हटलं, त्यात काय एवढं? धाकटीला जमतं ते मला जमणार नाही होय?

नाही जमलं. हसून घे.

वरून बघशील तर सगळं बिनचूक. पान पानासारखं, ठिपका ठिपक्यासारखा. पण एक रंग विणताना दुसरा धागा मागून जातो ना, तो मी ओढत गेले. सैल राहील, लोंबेल, बोटं अडकतील म्हणून दर खेपेला थोडासा ओढला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. माझ्या हातची गाठ सोडवायला अख्खं घर कात्री शोधतं. झालं काय, गोल सगळा आक्रसून गेला. पोरीला म्हटलं, घालून बघ. डोक्यातून कानापर्यंत आला आणि तिथेच रुतून बसला. वर जाईना, खाली येईना. आतून आवाज आला, "आई, मला कसलातरी प्रकाश दिसतोय, बहुतेक पुढचा जन्म." शेवटी हे पेपर टाकून उठले. मी बाह्या धरल्या, ह्यांनी पोरीला धरलं, आणि ओढून काढली एकदाची. नाक लालबुंद.

ह्यांनी स्वेटर हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "हा गोल तिचा नाही." पेपर उचलला आणि परत वाचत बसले. तीन वर्षांत तुझं नाव घेतलं नाही, आजही घेतलं नाही, पण तुझा हात ओळखतात. मग मीही सांगून टाकलं, की तुला पत्र घातलंय. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

नक्षी पाठव. हट्ट करू नकोस.

तुझी थोरली


९ सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र पार्सलमध्ये, घडीच्या वरच ठेवते आहे, म्हणजे उघडल्याबरोबर तुला आधी माझं तोंड दिसेल.

गोल मी उसवला. उसवताना स्वेटर सहज उलटा केला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तू गोल नेहमी आतली बाजू बाहेर काढून विणायचीस. मी म्हणायची, सगळं जग सुलट विणतं आणि आमची ही बाई पिशवीत तोंड घालून बसते. आता कळलं. तसं केलं की मागचा धागा बाहेरच्या अंगाने फिरतो, त्याला लांबचा फेरा पडतो, आवळायचा म्हटला तरी आवळत नाही. इतकी वर्षं शेजारी बसून विणलंस आणि एकदा बोलली नाहीस. मी हसायची, तूही हसायचीस, आणि खाली मान घालून विणत राहायचीस. पक्की आहेस.

मग तसा करून बघितला. बरा झाला. डोकं नक्की गेलं असतं. पोरगी बघून म्हणाली, "छान आहे गं आई." तिचं खरं 'छान' कसं असतं ते मला माहीत आहे, आणि हे ते नव्हतं. तोही उसवला.

म्हणून आता नक्षी नको, तूच गोल घाल. अंग आणि दोन्ही बाह्या पाठवते आहे, टाके दोऱ्यात ओवले आहेत, सुटणार नाहीत. सोबत निळ्या, पांढऱ्या आणि हळदी लोकरीच्या लड्या आहेत. कुठला रंग कुठे ते तुझं तू बघ. मला त्यातलं कळत नाही असं तूच म्हणायचीस.

आता काम सोडून थोडं लिहिते. सासऱ्यांचं ते छपाईचं मशीन ह्यांनी भावजींना न विचारता भंगारात दिलं. चूक झाली. भावजींनी त्यावर जे काही ऐकवलं, तेही एका घरात राहून विसरता येईल असं नव्हतं. हे सगळं मी मान्य करते. पण मशीन तुझं नव्हतं नि माझं नव्हतं. आपण दोघी जावा कधी भांडलो ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव. तुम्ही सामान बांधत होता तेव्हा तू खाली बसून विणायच्या सुया वेगळ्या करत होतीस, ह्या थोरलीच्या, ह्या माझ्या. मी आतल्या खोलीतून बघत होते. ते माझ्या फार जिवाला लागलं, धाकटे. म्हणून मी बाहेर आले नाही. तू समजलीस की मला राग आलाय.

पोरगी तुला न भेटता गेली तर मला ते सोसणार नाही. तिलाही नाही. ती बोलत नाही, बापाला वाईट वाटेल म्हणून. पण तिच्या केसांच्या वेण्या तू घातल्यास, ताप आला की ती तुझ्या खोलीत येऊन झोपायची. आणि मला आणखी एक भीती आहे. ती एकदा गेली की आपल्याला एकमेकींना लिहायला निमित्तसुद्धा उरायचं नाही. मग फोनवरचा तो 'हं'पण मिळणार नाही.

लवकर कर. बारीक लोकर आहे, वेळ खाते.

तुझी थोरली


२२ सप्टेंबर

धाकटे,

पार्सल परत आलं. न उघडता. वर भावजींच्या अक्षरात 'घेण्यास नकार', खाली सही.

मी ते घेऊन किती वेळ जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, बरं नाही का. सांगितलं, पाय दुखतायत.

तुला नको असेल तर तू लिही. 'नको' एवढी दोन अक्षरं. मी पोरीला सांगेन, साधा राखाडी गळा करून देईन आणि परत तुला त्रास देणार नाही. पण नवऱ्याच्या हातून दारातून परत पाठवू नकोस. एवढी मी तुझी कोणी नाही का? नव्यानं लग्न होऊन आलीस तेव्हा तुला गॅस पेटवायची भीती वाटायची, आणि कोणाला कळू नये म्हणून सहा महिने तुझा चहा मी केला. मी ते कधी कोणाजवळ बोलले नाही. आज बोलले, कारण आज मला राग आलाय.

ह्यांनी टेबलावर पार्सल बघितलं. भावाचं अक्षर बघितलं. मग म्हणाले, "पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव घातलं होतंस?" मी बघितलं तर ह्यांचंच. दाराच्या पाटीवर आहे तेच सवयीने लिहून गेले. म्हणाले, "मग बरोबर आहे. त्याला वाटलं असेल मी काहीतरी पाठवलंय." आणि जेवायला बसले तर अर्ध्यावरून उठले.

माझीच चूक म्हणायची का ही? म्हणते. पण तू लिही.

थोरली


४ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. अक्षर बघून मी आधी पाणी प्यायले आणि मग उघडलं.

तर तुला पार्सल आल्याचं माहीतच नव्हतं. तू कामावर होतीस. माझं मागचं पत्र वाचून तुला कळलं, आणि तू भावजींशी दोन दिवस बोलली नाहीस. तेवढं वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आधीची माझी पत्रं तुला मिळाली होती आणि तू नक्षी काढायला तीनदा बसलीस, दर खेपेला कागद फाडलास, हेही लिहिलंस. का फाडलास ते लिहिलं नाहीस. राहू दे.

पण पुढे जे लिहिलंस, 'जाऊबाई, पुन्हा पाठवा, पण शेजारच्या शिंपिणीच्या पत्त्यावर, म्हणजे ह्यांना कळायचं नाही', ते मी करणार नाही. नाही बाई. आपण काय कोणाच्या घरावर दरोडा घातलाय? समज, तू लपूनछपून गोल घातलास. पोरगी तो घालून तिकडे बर्फात उभी राहील, फोटो काढेल, तो फिरत फिरत भावजींच्या फोनवर येईल. तुझा हात तेही ओळखतात. मग पुन्हा नवं भांडण, आणि ह्या खेपेला आपल्या नावाचं. स्वेटर जाईल तर समोरच्या दाराने जाईल, नाहीतर माझ्या कपाटात राहील. कपाटात राहिला तर पोरीला मी काय सांगणार? तरी लिहिते.

काल पार्सल नव्याने बांधलं आणि कोरा कागद चिकटवून बसले. पत्ता लिहायचा तर हात चालेना. हे आले. म्हणाले, "सरक जरा." खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि लिहिलं. भावजी होस्टेलवर शिकायला होते तेव्हा हे दर महिन्याला जसं लिहायचे तसंच, आधी 'चि.', मग पूर्ण नाव, मग पत्ता. पत्ता मला विचारला नाही. त्यांना पाठ होता.

लिहून झालं तरी पेन हातातच. मग म्हणाले, "परत आलं तर मला दाखवू नकोस." आणि पायात चपला सरकवून स्वतः पोस्टात जाऊन आले.

धाकटे, आता माझ्या हातात काही नाही. ह्या माणसाने तीन वर्षांत पहिलं पाऊल टाकलंय. भावजींनी हे पार्सल परत केलं तर हे पुन्हा कधी टाकणार नाहीत, मी ओळखते ना. तू भांडू नकोस, सांगू नकोस, समजावू नकोस. येईल तेव्हा फक्त घरी राहा.

तुझी थोरली


१७ ऑक्टोबर

धाकटे,

आज आलं. सही घेताना पोस्टमन म्हणाला, "बाई, खोक्यात काही आहे ना? हलकं लागतंय." मी म्हटलं, आहे.

आधी तुझी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली, मग ह्यांच्या हातात दिली आणि उगाच स्वयंपाकघरात गेले. पार्सल भावजींनीच घेतलं. अक्षर बघितलं, 'चि.' वर बोट ठेवलं, आणि टेबलावर ठेवून समोर बसून राहिले. तू आत होतीस, बाहेर आली नाहीस, शहाणी आहेस. मग हाक मारून म्हणाले, "तुझ्या थोरलीचं काहीतरी आलंय बघ." आणि तू निळी लडी सोडायला घेतलीस तेव्हा खुर्चीच्या पाठीला अडकवायला निघालीस, तर म्हणाले, "आण इकडे," आणि दोन्ही हात पुढे केले. लडी हातांवर धरून बसले, सगळा गुंडा होईपर्यंत. ही ओळ ह्यांनी वाचली तेव्हा चष्मा काढला. पुसायचा होता म्हणे.

आता गोल. काय सांगू? पानांच्या कडेला तू तो हळदी रंग घातलास, एकेकच टाका. मी असते तर ओळच्या ओळ केली असती. आतली बाजू बघितली, तुला ठाऊकच आहे मी ती आधी बघते. मागचे धागे सगळे एकसारखे सैल. फक्त खालून तिसऱ्या ओळीत हात घट्ट झालाय. तिथे काय झालं ते भेटल्यावर सांग, पत्रात नको. आणि गोल चढला तरी स्वेटर तसाच हलका. पोरीने हातावर घेतला आणि ह्या खेपेला काही बोललीच नाही. आत जाऊन घालून आली आणि आरशासमोरून हलेना.

गळा मात्र तू बंद केलेला नाहीस. टाके तसेच दोऱ्यात ओवून ठेवलेस आणि लिहिलंस, 'डोकं बघितल्याशिवाय गळा बंद करता येत नाही. मुलांची डोकी वाढतात.' चोवीस वर्षांच्या घोडीचं डोकं वाढत नाही, धाकटे. आणि गळा बंद करणं मला झोपेतसुद्धा येतं. तुला हे माहीत आहे. मला माहीत आहे, की तुला माहीत आहे.

पोरगी म्हणाली, "आई, अर्ध्या तासाचं तर काम आहे. दे ना करून, मला बॅग भरायचीय."

मी म्हटलं, "मला येत नाही."

"तुला गळा बंद करता येत नाही?"

"नाही."

हे दारात उभे होते. म्हणाले, "नाही येत तिला. मी बघितलंय." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी खोटं बोलल्याची ही पहिली खेप.

तर आम्ही येतो. २६ तारखेला, रविवारी, सकाळी निघून. पोरगी बुधवारी निघते. तिघं येतो. ह्यांना मी 'चला' म्हटलं नाही, त्यांनी स्वतःच सदरा इस्त्रीला दिला. काल विचारलं, "तो घरी असेल ना रविवारी?" मी म्हटलं असतील. आज पुन्हा विचारलं, "मला बघून दार लावून नाही ना घेणार?" हा माणूस, ज्याने जन्मात कोणाला कसली परवानगी विचारली नाही.

म्हणून तुला एक सांगते, आणि एवढं माझं ऐक. रविवारी आमची गाडी थांबल्याचा आवाज येईल, घंटा वाजेल. तुझा पाय उचलेल, तुला मी ओळखते, तू धावत येशील. येऊ नकोस. आतच बस. दार भावजींना उघडू दे.

तुझी थोरली